पाच मशीनचा संच आणि साडेएकवीस हजारांची ‘बचत’

प्रश्न : मी संगमनेरला फर्निचर आणि मॉड्युलर किचनच्या फिटिंगची कामं घेतो. मी आणि एक मदतनीस, दोघंच. वायरचं १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल, ४ इंची ग्राइंडर आणि ७ इंची सर्क्युलर सॉ माझ्याकडे आहे, तिन्ही चालू आहेत. आता कॉर्डलेस घ्यायचं ठरवलंय. दुकानदार १८ व्होल्टचा पाच मशीनचा संच ३६,५०० रुपयांना देतोय. त्यात हॅमर ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, ४ इंची ग्राइंडर, १६५ मिमीचा सर्क्युलर सॉ आणि एलईडी दिवा आहे. सोबत २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, एक चार्जर, बॅग, आणि वर १०१ नगांचा बिट सेट मोफत. सगळ्यांची एमआरपी ५८,००० होते, म्हणजे २१,५०० वाचले असं तो म्हणतो. त्याच कंपनीचा नुसत्या ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा संच, त्याच दोन बॅटऱ्या आणि तोच चार्जर धरून, १९,००० ला आहे. सुटे भाव विचारून सोबत लिहिलेत. मोठा संच घेण्यात खरंच फायदा आहे का? मेहुणा न्यू जर्सीला असतो, तिकडे असे संच स्वस्त मिळतात म्हणे. त्याच्याकडून मागवावा का?

उत्तर : आधी निर्णय, मग हिशोब. तुम्ही दोन मशीनचा संच घ्या. मोठ्या संचात बचत अजिबात नाही असं नाही, पण ती साडेएकवीस हजारांची नाही. साडेतीन हजारांच्या आसपासची आहे, आणि तीही मुख्यतः अशा वस्तूंवर, ज्या सुट्या घ्यायला तुम्ही दुकानाची पायरीही चढला नसता.

एमआरपी ही पेटीवर छापावी लागणारी कमाल किंमत आहे. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. हे मशीन बाजारात कितीला जातं, ते एमआरपी सांगत नाही. नाशिकला विचारा किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, पॉवर टूल्सचा पहिला सांगितलेला भावसुद्धा पेटीवरच्या आकड्याच्या बराच खाली असतो. मग पाच पेट्यांच्या एमआरपीची बेरीज करून तीतून संचाची किंमत वजा करायला काय अर्थ आहे? जो भाव कुणी देतच नाही, त्याच्याशी तुलना करून कोणतीही वस्तू स्वस्त ठरवता येते.

तुलना करायची ती सुट्या भावाशी. तुम्ही पाठवलेली यादी अशी आहे, भाव जीएसटीसह (‘नुसतं मशीन’ म्हणजे बॅटरी आणि चार्जर सोडून):

हॅमर ड्रिल, नुसतं मशीन – ६,२००
इम्पॅक्ट ड्रायव्हर, नुसतं मशीन – ६,४००
ग्राइंडर, नुसतं मशीन – ६,९००
सर्क्युलर सॉ, नुसतं मशीन – ९,८००
एलईडी दिवा – १,९००
२ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या – ५,८००
चार्जर – २,३००
बॅग – ८००

बेरीज ४०,१००. संच ३६,५०० चा. खरी सूट ३,६००, म्हणजे साधारण ९ टक्के. वाईट नाही, पण हा आकडा दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच आहे.

आता खरी कात्री लावू. यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे संचात नसतं, तर येत्या सहा महिन्यांत पदरचे पैसे घालून मी हे सुटं घेतलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं की त्या ओळीपुढे शून्य लिहायचं. निम्मी किंमत नाही आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून पाचशेही नाहीत, साफ शून्य. हॅमर ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या आणि चार्जर, एवढ्याला तुमचं उत्तर नक्की ‘हो’ आहे. त्यांची सुटी बेरीज २०,७०० होते, आणि तेवढाच माल छोट्या संचात १९,००० ला मिळतोय. तिथे १,७०० सुटले.

उरला ग्राइंडर, सॉ, दिवा आणि बॅग. सुटे १९,४०० चे, आणि मोठ्या संचात त्यांच्यासाठी तुम्ही जादा मोजणार १७,५००. म्हणजे छोट्या संचावरून मोठ्यावर उडी मारल्याने जास्तीची बचत १,९००. तुमच्याच यादीत दिव्याची किंमत बघा, तीही १,९००. साडेसतरा हजार जास्त घातल्यावर फुकट काय मिळालं, तर तो दिवा. तो लावून ठेवला की दोनातली एक बॅटरी त्यात अडकणार, हे वेगळंच. कपाटाच्या आत बघायला कपाळावर बांधायचा चार्जिंगचा छोटा दिवा याहून स्वस्तात येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

काही जण म्हणतात, संच घ्यायचा आणि नको ती मशीनं पेटीबंद विकून टाकायची. गणित करून बघा: १७,५०० वसूल व्हायला त्या वस्तू सुट्या भावाच्या ९० टक्क्यांना विकल्या गेल्या पाहिजेत. वॉरंटीचं बिल तुमच्या नावावर, तेही सगळ्या संचाचं मिळून एकच. असं मशीन एवढ्या भावाला घेणारा माणूस सरळ दुकानात का जाणार नाही?

पण खरी गोम बॅटरीत आहे. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर इतकं असतं. तुमची बॅटरी १८ गुणिले २, म्हणजे ३६ वॉट-अवर. इम्पॅक्ट ड्रायव्हर एक स्क्रू बसवताना अडीचशे वॉट खेचून तीन सेकंद चालला असं धरलं, तर एका बॅटरीत दीडशेहून जास्त स्क्रू बसतात. फिटिंगच्या कामात ते पुरेसं आहे, कारण मधे मापं घेणं, लेव्हल लावणं, बिजागऱ्या जुळवणं चालूच असतं आणि तोवर दुसरी बॅटरी चार्ज होते.

ग्राइंडरचं तसं नाही. पाइप किंवा टाइल कापताना ओझं आल्यावर ४०० वॉट धरले, तरी ३६ वॉट-अवरची बॅटरी साडेपाच मिनिटांच्या आत संपते. सर्क्युलर सॉ १८ मिमी प्लायमध्ये चालवला तर त्याहून लवकर. संचातला चार्जर २ अँपिअरचा असेल, तर बॅटरी पुन्हा भरायला तासाहून थोडा जास्त वेळ. पाच मिनिटं काम आणि तासभर वाट, हा सौदा कुठल्या साइटवर परवडतो?

वेळेपेक्षाही मोठं नुकसान उष्णतेचं. १८ व्होल्टवर ४०० वॉट म्हणजे सुमारे २२ अँपिअर. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा पाचच सेल एका रांगेत असतात, त्यामुळे प्रत्येक सेलमधून पूर्ण २२ अँपिअर वाहतात. ४ च्या बॅटरीत बहुधा दहा सेल, दोन-दोनच्या जोडीने, म्हणून प्रत्येकावर ११ अँपिअर येतात. छोट्या बॅटरीवर ग्राइंडर नि सॉ चालवत राहिलात, तर बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापते, मशीन मधेच बंद पडतं, आणि वर्षा-दोन वर्षांत बॅटरीचा दम निघून जातो. मग दोष मशीनला दिला जातो, पण चूक जोडीची असते. ग्राइंडर आणि सॉ नीट चालवायचा, तर ४ च्या दोन बॅटऱ्या हव्यात. तुम्ही विचारून आणलेल्या सुट्या भावांत अशा एका बॅटरीची किंमत ५,२०० आहे (संचात ती नाही, म्हणून वरच्या यादीत धरली नव्हती), म्हणजे आणखी १०,४००. पाच मशीनच्या ‘कामाला येईल अशा’ संचाची खरी किंमत ४६,९०० झाली. कंपन्या मोठ्या संचात छोट्या बॅटऱ्या का घालतात, ते आता लक्षात येईल. मशीनची संख्या पेटीवर मोठ्या अक्षरात दिसते, अँपिअर-अवर बारीक अक्षरात असतात.

सुटे भाव काढताना एक सापळा आहे. संचातलं मशीन आणि सुटं मशीन एकच आहे का, हे पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवून बघा, शेवटच्या अक्षरासकट. मकिताच्या क्रमांकाच्या शेवटी ‘झेड’ असेल तर नुसतं मशीन, ‘आरएमई’ असेल तर ४ च्या दोन बॅटऱ्या, ‘आरटीई’ असेल तर ५ च्या दोन. डिवॉल्टमध्ये ‘एन’ म्हणजे नुसतं मशीन, ‘डी२’ म्हणजे २ च्या दोन, ‘एम२’ म्हणजे ४ च्या दोन, ‘पी२’ म्हणजे ५ च्या दोन. बॉशमध्ये नुसत्या मशीनला ‘सोलो’ म्हणतात. अक्षरापुरता फरक असला तर मशीन तेच. आकडाच वेगळा असला तर ती वेगळी वस्तू. मकिताचं डीएचपी ४५३ जास्तीत जास्त ४२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, डीएचपी ४८२ ६२ देतं. दोन्ही १८ व्होल्टची, दोन्ही हॅमर ड्रिल, दोन्ही हिरवी-निळी दिसायला सारखीच. संचात पहिलं आणि सुट्या भावाच्या यादीत दुसरं असेल, तर ‘बचत’ निव्वळ कागदावरची. तसंच मशीन ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं) की कार्बनचं, तेही विचारा. कार्बनचं मशीन वाईट नाही, कार्बन झिजले की बदलता येतात आणि खर्च किरकोळ असतो. पण ब्रशलेसच्या भावात कार्बनचं पदरात पडू नये.

संच घेताना तुम्ही पाच मशीनपेक्षा एक बॅटरीची खाच विकत घेताय, हे ध्यानात ठेवा. पुढची आठ-दहा वर्षं जे काही नुसतं मशीन घ्याल, ते त्याच खाचेचं घ्यावं लागेल. आणि एका कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकांत बसतातच असं नाही. बॉशच्या निळ्या, कारागिरांसाठीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या हिरव्या, घरगुती मशीनमध्ये चालत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी, स्वस्तातली जी सिरीज आणि ४० व्होल्टची एक्सजीटी ही तीन वेगळी घराणी आहेत. खूप स्वस्त पडणारा संच पुष्कळदा अशाच लहान घराण्यातला असतो, ज्यात पुढे घ्यायला चार-पाचच मशीनं असतात. तुमच्या दुकानदाराला सरळ विचारा: याच बॅटरीवर चालणारी किती मशीनं तुमच्याकडे आत्ता, नुसती, मिळतात? तीनच सांगितली तर विचार बदला.

व्होल्टच्या आकड्याने दबून जाऊ नका. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेलचे सरासरी १८, भरलेले २१. म्हणून एका पेटीवरचे १८, दुसरीवरचे ‘२० मॅक्स’ आणि तिसरीवरचे २१ व्होल्ट ही एकच गोष्ट आहे. १२ व्होल्टचं मशीन तीन सेलचं, खरं १०.८. आणि ऑनलाइन जे ‘४८ व्ही’, ‘८८ व्ही’, ‘१२८ व्ही’ लिहिलेले दोन-तीन मशीनचे संच पाच-सहा हजारांत दिसतात, त्यांची बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. नेहमीचा, १८ मिमी जाडीचा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. पाच सेल, पट्ट्या, सर्किट आणि प्लास्टिक मिळून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. दहा सेलची बॅटरी ६०० च्या पुढे जाते. वर ६ अँपिअर-अवर लिहिलंय आणि वजन पावणेचारशे ग्रॅम, तर आत पाच सेल आहेत आणि लिहिलेलं खोटं आहे. ८८ व्होल्टला चोवीस-पंचवीस सेल लागतील. ते तळहातावर मावतील का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

मोफत बिट सेट म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. १०१ नगांत प्लास्टिकचे रावळ प्लग आणि स्क्रूही एकेक नग म्हणून मोजलेले असतात. ते आणि छोटे सॉकेट बाजूला काढून उरलेलं मोजा. तुम्हाला लागतात ते थोडेच: काँक्रीटचे ६, ८ आणि १० मिमी, लाकडाचे ३ ते ८ मिमी, ऑटो हिंजसाठी ३५ मिमीचा बिट आणि स्क्रूचे दोन नंबरचे बिट. सेटमधले मऊ पोलादाचे स्क्रू-बिट साध्या ड्रायव्हरवर चालून जातील, पण इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या ठोक्याखाली त्यांची टोकं तुटतात किंवा गोल होतात, आणि बाहेर काढता न येणारा स्क्रू शटरमध्ये राहतो. इम्पॅक्टसाठी बनवलेले, मधे बारीक कंबर असलेले बिट वेगळे घ्या. आणि स्क्रूचं डोकं निरखा. अधिक चिन्हाच्या चार फटींच्या मधल्या जागांत तिरप्या बारीक रेघा असतील तर तो पीझेड (पोझिड्राइव्ह), नसतील तर पीएच (फिलिप्स). बिजागरीचे स्क्रू बहुधा पीझेड असतात. त्यात पीएच बिट घातला की डोकं खाल्लंच म्हणून समजा. चांगले दहा इम्पॅक्ट बिट त्या १०१ नगांपेक्षा जास्त दिवस टिकतील. सेट मोफत मिळत असेल तर जरूर घ्या, हिशोबात मात्र शंभर रुपयांच्या वर धरू नका.

वाचलेल्या साडेसतरा हजारांचं काय करायचं, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या कामात त्याला एक चोख जागा आहे: वायरचं रोटरी हॅमर, एसडीएस-प्लसचं (खाचा असलेला बिट नुसता आत सरकवून बसवायचा, त्या पद्धतीचं), २० ते २६ मिमीचं. किचनची वरची कपाटं टांगताना भोक कधी विटेत जातं, कधी आरसीसीच्या कॉलम-बीममध्ये. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात. ठोके मिनिटाला हजारो, पण हलके, आणि तुम्ही मागून जोर लावाल तेवढेच लागतात. विटेला ते पुरतं. आरसीसीमध्ये १० मिमीचं भोक घेताना खडी लागली, की बिट लालबुंद होतो, बॅटरी उतरते आणि खांदा दुखतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने पिस्टन ठोका देतो. या आकाराच्या मशीनचा एकेक ठोका साधारण २ ते ३ जूलचा, म्हणून जोर न लावता भोक पडतं. संचातलं १८ व्होल्टचं हॅमर ड्रिल हे काम करील असं दुकानदार सांगेल. एक-दोन भोकं करील, दिवसाला तीस नाही. रोटरी हॅमर आलं, की तुमच्या जुन्या इम्पॅक्ट ड्रिललाही सुट्टी मिळेल.

सॉचा मोह मी समजू शकतो. पाचांत तेवढंच असं आहे, की ग्राहकाच्या घरी फिलर पट्टी किंवा स्कर्टिंग जागेवर छाटायला खरोखर उपयोगी पडावं. तर तो पुढे घ्या: त्याच खाचेचा नुसता सॉ ९,८०० ला, ४ च्या एका बॅटरीसह १५,०००. तोवर तुमचा ७ इंची आहेच. ग्राइंडर मात्र वायरचाच ठेवा. आणि तिसरा मार्ग, जो कित्येक सुतार घेतात, तो घेऊ नका: चार इंची मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून प्लाय कापणं. ते मशीन दगडाच्या वेगासाठी आणि दगडाच्या गार्डसह बनवलेलं असतं. दात प्लायमध्ये अडकला की ते उलटं अंगावर येतं.

बिलाबद्दल. ३६,५०० मध्ये १८ टक्के जीएसटी धरला, तर मूळ किंमत ३०,९३२ आणि कर ५,५६८. १९,००० मध्ये कर २,८९८. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल, तर दुकानदाराला बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालायला सांगा, ती रक्कम क्रेडिट म्हणून मिळते. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठोक दराने कर भरायच्या योजनेत) असाल किंवा नोंदणीच नसेल, तर मिळत नाही. दोन दुकानांचे भाव ताडताना दोन्ही पक्क्या बिलाचे आहेत ना, ते पाहा. कच्च्या बिलावर हजारभर कमी सांगणारा माणूस वॉरंटीही त्याच कच्च्या कागदावर देत असतो.

वॉरंटी तीन वेगवेगळी विचारा: मशीनची, बॅटरीची, चार्जरची. बॅटरीची मुदत अनेकदा मशीनपेक्षा कमी असते. काही कंपन्यांची वाढीव मुदत खरेदीनंतर ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच लागू होते, आणि पाच मशीनच्या संचात पाच क्रमांक नोंदवावे लागतात. लोक ड्रिलचा नोंदवतात आणि बाकी विसरतात. त्याआधी संगमनेरमध्ये मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे चक्कर मारा आणि या मॉडेलचं आर्मेचर, स्विच, चक मिळतो का ते विचारा. तो ‘नाशिकहून मागवावं लागेल’ म्हणाला तर ठीक. ‘याचं काही येत नाही’ म्हणाला तर कंपनी बदला.

‘नो कॉस्ट ईएमआय’ची ऑफर असेल, तर रोखीच्या भावाला तोच आकडा आहे का ते विचारा. व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते खरी, पण प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या भागावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. ‘ऑफर फक्त आजच’ याला दुकानात हसून उत्तर द्या. ऑनलाइन तेच खोटं घड्याळ दिसलं, तर केंद्राच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणारी ऑनलाइन मांडणी) मार्गदर्शक सूचनांनुसार खोटी घाई दाखवणं आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं या दोन्हींना मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दसरा-दिवाळीच्या आधी तीन-चार आठवडे दर रविवारी भाव वहीत उतरवून ठेवा. सणाचा ‘उतरलेला’ भाव पुष्कळदा ऑगस्टमधल्या साध्या भावाइतकाच निघतो.

पेटी दुकानातच उघडा. मशीनच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक बिलावरच्याशी जुळवा. बॅटरीवरची तारीख बघा. वर्ष-दीड वर्ष शेल्फवर उतरलेली पडून राहिलेली बॅटरी चार्जर पुष्कळदा घेतच नाही, म्हणून दोन्ही बॅटऱ्या एकेकदा चार्जरवर लावून दिवा नीट लागतो का पाहा. ड्रिलमध्ये लांब, सरळ बिट लावून हळू फिरवा. टोक थरथरलं तर चक किंवा स्पिंडल वाकडा आहे. दोन्ही गिअरवर चालवून आवाज ऐका, आणि बॅटरी बसवून हलवून बघा, खडखडली तर पुढे संपर्क जळतात. बॅटऱ्या घरी नेल्यावर मे महिन्यात टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चांगला चार्जर घेत नाही, आणि हलका चार्जर घेतो, ते जास्त वाईट.

मोठा संच कुणाला परवडतो? ज्याच्याकडे अजून एकही मशीन नाही, ज्याला पाचांतली चार लगेच लागणार आहेत, आणि जो वीज नसलेल्या जागी काम करतो: मीटर न आलेल्या इमारती, शेतातले शेड, सोलर पॅनलची फिटिंग. त्यानेही आधी ४ च्या बॅटऱ्या असलेल्या संचाचा भाव विचारावा.

राहिला न्यू जर्सीचा प्रश्न. तिकडे संच स्वस्त असतात हे खरं, पण तिथला चार्जर बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो. मागच्या बाजूला ‘इनपुट १२० व्होल्ट’ लिहिलेला चार्जर आपल्या २३० च्या प्लगला लावला की तो जळतो. वायरचं मशीन आणलंत तर तेही तसंच. म्हणजे इथला २,३०० चा चार्जर घ्यावाच लागेल, आणि तोही त्याच घराण्याचा इथे विकला जात असेल तर. तिथल्या बिलावर इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत काम करील हे गृहीत धरू नका. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. बॅटरीवर छापलेला आकडा मेहुण्याला आधी वाचून दाखवायला सांगा. तुम्ही छोटा संच इथे त्याच खाचेचा घेतलात, तर मेहुण्याकडून एकच गोष्ट मागवण्यासारखी आहे: नुसता सॉ, बॅटरी नाही, चार्जर नाही. तो त्याच्या चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून येऊ शकतो. फक्त ब्लेड काढून वेगळं बांधायला सांगा, आणि मॉडेल क्रमांक मागवायच्या आधी इथल्या दुकानदाराला दाखवून खाच जुळते याची खात्री करून घ्या.